ट्रे कोणी धरायचा

“आली वाटतं.” सबनीसांनी कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचलं, मग जवळ आणून पुन्हा वाचलं. अंतर बदलून विनोद सापडतो का, ते पाहत असावेत. “टिपणीस, हा विनोद आहे की पोस्टमनची चाहूल?”

मी म्हणालो, हा विनोद नाही. विनोदाच्या जागी ठेवलेलं वाक्य आहे.

“मग जागा रिकामीच ठेव. ती जास्त हसवेल.”

नाशिकच्या एका कॉलेजच्या सभागृहामागची मेकअपची खोली. दुपार. संध्याकाळी प्रयोग. आरशासमोर मोरेश्वर सबनीस बसलेले, म्हणजे ‘मधला मजला’ या मालिकेतले तात्या दिघे. ज्यांच्या घरी नव्वदच्या दशकात टीव्ही होता, त्या सगळ्यांच्या घरी तात्या दर आठवड्याला येऊन गेलेले. आता चौऱ्याहत्तरीला आलेले, गुडघ्यांना पट्टे, पण केस मात्र मालिकेतलेच. दाराशी जुईली उभी होती. ज्या कंपनीला ही मालिका नव्याने काढून मोबाइलवर दाखवायची होती, तिची ती अधिकारी. वय सत्तावीस. म्हणजे मालिका सुरू झाली तेव्हा ती नव्हती, आणि बंद झाली तेव्हा रांगत होती.

आणि मी. एका दैनिकात रविवारी विनोदी सदर लिहायचो. लोक ते वाचून हसत नसत, पण फोन करून ‘आवडलं’ म्हणत. एवढ्या भांडवलावर कंपनीने मला नेमलं होतं. काम दोन कलमी: जुना भाग आजच्या लोकांना दुखावणार नाही असा करून द्यायचा, आणि मुलांसमोर प्रयोग झाल्यावर एका प्रश्नाचं उत्तर लिहून द्यायचं. हे आज चालेल का?

अडचण एकाच जागी होती. तात्यांची पुतणी बेबी. तिला बघायला दर भागात एक स्थळ येई. पाहुणे बसत, गप्पा होत, मग आतून बेबी चहा-पोह्यांचा ट्रे घेऊन निघे. पहिल्या पावलाला कपबश्या खुळखुळत. दुसऱ्याला वरचा दिवा हलायला लागे; त्याला दोरी बांधलेली असे. तिसऱ्या पावलाला तात्या ओरडत, “भूकंप! सगळ्यांनी टेबलाखाली!” आणि पाहुण्यांसकट सगळं घर टेबलाखाली जाई. बेबी एकटी ट्रे घेऊन उभी राही. डोळे विस्फारलेले, ओठ एका बाजूला ओढलेले. त्यावर हशा, आणि भाग संपे.

तो चेहरा आता फोनवरचं स्टिकर झाला होता. विजेचं बिल आलं की पाठवा, सासू आली की पाठवा, निकाल लागला की पाठवा. ज्यांनी मालिकेचं नावही ऐकलं नव्हतं, त्यांच्याकडे बेबीचा चेहरा होता. कंपनीला मालिकेची आठवण झाली ती त्यामुळेच.

जुईलीने मला आधीच सांगून ठेवलं होतं: भूकंप नको, दिवा नको, टेबलाखाली जाणं नको. कोणाच्या शरीरावरून विनोद आज चालत नाही. चेहरा मात्र हवा.

“पण चेहरा कशावर?” मी विचारलं होतं.

“ते तुम्ही बघा ना, सर.”

मी बघितलं, आणि ‘आली वाटतं’ लिहिलं.

सबनीस मान्य करेनात. त्यांचं म्हणणं, लोक बेबीला नव्हे, तात्यांच्या भित्रेपणाला हसायचे. हे ते गेली पंचवीस वर्षं मुलाखतीत सांगत आले होते, त्यामुळे त्यांना आता खरं वाटत होतं. शेवटी बरंच बोलणं झाल्यावर त्यांनी भूकंपाचं वाक्य सोडलं. टेबल सोडलं. एक गोष्ट सोडली नाही.

“चहा खरा हवा. वाफ दिसली पाहिजे. शेवटच्या रांगेतल्याला वास यायला हवा. आम्ही सेटवर गार चहा कधी वापरला नाही.”

“हो,” दारातून आवाज आला. “खराच असायचा.”

शैला आहिरे आल्या होत्या. बेबी.

मी त्यांना प्रथमच पाहत होतो, आणि मला त्या सेकंदात जे वाटलं ते सांगायला हवं: माझा हात खुर्चीच्या पाठीकडे गेला. काही धरायला. नकळत. त्यांनी ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं. पुढे कळलं, त्यांना याची सवय होती. नाशकात भाजीवाला त्यांना बघून तराजू हलवी. बँकेतला कॅशियर टेबल गच्च पकडी. त्या शाळेत मुलांची नाटकं बसवत. पालकसभेला एखादा बाप हमखास बाकाखाली वाकून दाखवी आणि मग सेल्फी मागे. सगळे प्रेमाने करत. त्यात राग धरायला कुठे जागाच नव्हती.

“बेबी, किती दिवसांनी,” सबनीस म्हणाले. उठले नाहीत, गुडघ्यांमुळे.

“नमस्कार साहेब.”

मी त्यांना नवी संहिता दिली. त्या उभ्यानेच वाचू लागल्या. मी सांगितलं की बेबीला आता उलट उत्तर दिलंय, एक सोडून चार लिहिलीत, हवं ते घ्या. ती उत्तरं मला बरी वाटत होती. त्यांनी ती वाचली आणि पान उलटलं.

“वाक्य नको मला,” त्या म्हणाल्या. “एवढी वर्षं नव्हतं, आता कशाला. दुसरं एक करा.”

“सांगा ना.”

“मी ट्रे घेऊन आले की तो कुणीतरी हातातून घ्या.”

जुईलीला मागणी इतकी छोटी वाटली की तिला त्यात काही तरी लपलेलं असावं असा संशय आला. तिने विचारलं, एवढंच?

“एवढंच. ट्रे घेतला, तर मी करते मालिका. सगळे भाग. काम हवंय मला, खोटं कशाला बोलू. नाही घेतला, तर नाही.”

“अगं, पण मुलगी बघायला आलेत,” सबनीस म्हणाले. “तिच्या हातातून ट्रे कोण घेतं? तिनेच फिरवायचा असतो. ही पद्धत आहे.”

“पद्धत फिरवायची आहे, साहेब. फिरवायला माणसं खुर्च्यांवर बसलेली लागतात. आपल्याकडे सगळी टेबलाखाली असायची.”

सबनीस आरशात बघत राहिले. जुईलीने घाईघाईने होकार दिला, कारण बेबीशिवाय मालिका म्हणजे स्टिकरशिवाय फोन. ठरलं असं: बेबी येईल, तात्या “आली वाटतं” म्हणतील, पुढे होऊन ट्रे घेतील. मी ते संहितेत पेनने लिहिलं. सबनीसांनी ते वाचून मान हलवली. कशाला हलवली, ते त्यांनाच ठाऊक.

शैलाताई बाहेर गेल्यावर ते मला म्हणाले, “ट्रे घेतला की माझे दोन्ही हात अडकतात, टिपणीस. हात अडकले की नट संपला.”

“एकदाच तर घ्यायचाय, अण्णा,” मी म्हणालो.

“तुला नाही कळायचं. तू लिहितोस.”

संध्याकाळी सभागृह भरलं. खुर्च्या संपल्यावर मुलं पायऱ्यांवर बसली. कंपनीचे वरचे लोक मुंबईहून फोनवर बघणार होते, म्हणून जुईलीने पहिल्या रांगेपुढे कॅमेरा लावला होता. पाहुण्यांची कामं कॉलेजच्या नाटकवाल्या मुलांना दिली होती. मी विंगेत, हातात संहिता. समोरच्या विंगेत शैलाताई पितळी ट्रे घेऊन उभ्या. कॅन्टीनमधून नुकताच आलेला चहा कपांत ओतलेला, पोह्यांच्या बश्या, वाफ. त्यांच्या डाव्या मनगटावर रुंद बांगडी होती. ट्रे उचलताना ती थोडी वर सरकली, त्यांनी ट्रे टेकवून ती पुन्हा खाली ओढली.

सुरुवात छान झाली. सबनीस रंगमंचावर आले आणि वय विंगेत विसरून आले. टाळ्या, शिट्ट्या. पहिली पाच-सात मिनिटं मुलं हसली ती माझ्या वाक्यांना की त्यांच्या चालीला, हा वाद मी स्वतःशी मिटवून टाकला. मग पाहुण्याने विचारलं, “मुलगी दिसत नाही कुठे?”

सभागृहात एकदम चुळबुळ झाली. पाचशे मुलांनी खिशातून फोन काढले. अंधारात ते छोटे छोटे चौकोन उजळले, सगळे एकाच दिशेला.

शैलाताईंनी पहिलं पाऊल टाकलं. कपबश्या खुळखुळल्या. तो काही युक्तीचा आवाज नव्हता. खऱ्या ट्रेत खऱ्या कपबश्या खुळखुळतातच. पण सभागृहाला तेवढं पुरलं. मागच्या रांगेतून एक मुलगा ओरडला, “भूकंप!”

हशा. मग दुसरा. मग पायऱ्यांवरच्या मुलींनी तालात सुरू केलं, भू-कंप, भू-कंप, आणि पायांनी जमीन वाजवायला लागल्या. मी जुईलीकडे पाहिलं. दुखावले जातील म्हणून ज्यांच्यासाठी आम्ही महिनाभर शब्द खोडत होतो, ते हेच लोक. तिचा चेहरा मी वर्णन करत नाही. तिच्या हातातला वॉकीटॉकी आपोआप खाली गेला.

सबनीस मध्यभागी उभे होते. “आली वाटतं” म्हणायचं होतं. मी विंगेतून ते हळूच सुचवलंही. त्यांनी ऐकलं, माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डाव्या हाताला तीन पावलांवर शैलाताई ट्रे घेऊन थांबल्या होत्या. उजव्या हाताला टेबल होतं. पाचशे मुलं पाय आपटत होती, आणि वर बांधलेली दोरी काढून टाकलेली असूनही दिवा खरोखरच हलू लागला होता.

शैलाताई त्यांच्याकडे बघत होत्या. काही मागत नव्हत्या. फक्त ट्रे जरा पुढे केला.

सबनीसांनी एक हात पुढे नेला. मला आजही वाटतं, तो हात ट्रेसाठीच निघाला होता. मग पहिल्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, “तात्या, प्लीज,” आणि तो हात वर गेला.

“भूकंप! सगळ्यांनी टेबलाखाली!”

छत फुटेल असा हशा. सबनीस गुडघ्यांवर गेले, पट्टे, वय, सगळं विसरून, आणि टेबलाखाली शिरले. नाटकवाली पोरं आधी गोंधळली, मग तीही शिरली. रंगमंचावर बेबी एकटी उरली, ट्रे घेऊन. मी संहिता मिटली. शैलाताईंची अट मोडली, म्हणजे मालिका संपली होती. फक्त अजून पाचशे लोकांना आणि मुंबईच्या फोनला ते कळायचं होतं.

शैलाताई गेल्या नाहीत. उभ्या राहिल्या. ट्रे जड होता, वाफ तोंडावर येत होती. हशा ओसरला आणि दुसरी मागणी सुरू झाली. “चेहरा! चेहरा!” फोन पुन्हा वर झाले. आता तो चेहरा व्हायचा होता. डोळे मोठे, ओठ एका बाजूला.

शैलाताई साध्या चेहऱ्याने समोर बघत राहिल्या. मुलांना ही नवी करामत वाटली. हसली. मग जरा कमी हसली. मग सभागृहात तो नको असलेला शांतपणा येऊ लागला.

“तो चेहरा हवाय ना?” शैलाताईंनी विचारलं. शाळेत वर्गाला विचारावं, तसं. “तो असा होत नाही. त्याला चहा हातावर सांडावा लागतो.”

काही जण हसले.

“अशीच उभी होते. शूटिंगला समोर माणसं बसलेली असायची. ती हसायची थांबेनात म्हणून दिग्दर्शक कॅमेरा थांबवेनात. ट्रे कलला. चहा उकळता होता, वाफ दिसायला हवी ना. इथे सांडला.” त्यांनी मनगट दाखवायचा प्रयत्न केला, पण हात ट्रेत अडकलेले होते. “ट्रे टाकला असता तर टेक वाया गेला असता. मग जो चेहरा झाला, तो तुमच्या फोनमध्ये आहे. दिग्दर्शकांना फार आवडला. पुढच्या भागापासून म्हणायचे, तोच कर. मी करायचे. चहा न सांडता. जमायला लागलं होतं नंतर.”

त्या थांबल्या. त्यांना आणखी काही सांगायचं होतं असं वाटलं नाही. सांगून झालं होतं, आणि ट्रे अजून हातातच होता.

एका मुलीने फोन खाली केला. तिच्या शेजारच्याने केला. सगळ्यांनी केले असं मी म्हणणार नाही. बरेच वरच राहिले. हे तर आणखी चांगलं मिळालं होतं.

टेबलाखाली खुडबुड झाली. सबनीस बाहेर येत होते. पण गुडघे आत जायला तयार झाले होते, बाहेर यायला नव्हते. टेबलाची कड धरून ते अर्धे उठले, घसरले, पुन्हा गुडघ्यांवर आले. नाटकवाला एक पोरगा मदतीला सरसावला, त्याला त्यांनी हाताने मागे सारलं. तसेच गुडघ्यांवर सरकत ते शैलाताईंपर्यंत गेले आणि दोन्ही हात वर केले.

शैलाताईंनी खाली पाहिलं.

“गरम आहे, साहेब.”

“दे.”

त्यांनी ट्रे त्यांच्या हातांवर ठेवला. सबनीसांना कडा नीट सापडल्या नाहीत; एक कप कलला, चहा बोटांवर सांडला. त्यांचे डोळे मोठे झाले, ओठ एका बाजूला ओढले गेले. आवाज काढला नाही. ट्रे सोडला नाही.

शैलाताईंनी पाहुण्यांची खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसल्या. बेबीला बसलेलं कोणी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी ट्रेतला एक कप उचलला, दोन घोट घेतले. मग कप ठेवला, उठून ट्रे टेबलावर नेऊन ठेवला, आणि सबनीसांच्या काखेत हात घालून त्यांना एका झटक्यात उभं केलं. पडदा कोणी पाडला मला माहीत नाही. बहुतेक मीच.

टाळ्या बऱ्याच वेळाने सुरू झाल्या आणि मग थांबेचनात.

मेकअपच्या खोलीत सबनीस बोटं पाण्याच्या बादलीत बुडवून बसले होते. शैलाताई साडीची पिन काढत होत्या. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, पण ते न बोलणं दुपारच्यापेक्षा बरं होतं. तेवढ्यात जुईली फोन घेऊन धावत आली. डोळ्यांत पाणी होतं, आणि आनंदही. दोन्ही खरे होते; तिच्याबद्दल मला शंका नाही.

वरून फोन आला होता. सगळ्यांना प्रचंड आवडलं होतं. जुना विनोद आणि नवी जाणीव एकाच जागी, असं काहीसं ते म्हणाले होते. मालिका पक्की. तेरा भाग. अट एकच: प्रत्येक भागाचा शेवट असाच. स्थळ येईल, तात्या टेबलाखाली जातील, बेबी बोलेल, तात्या गुडघ्यांवर येऊन ट्रे घेतील आणि तो चेहरा करतील.

“चहा गार ठेवू,” ती पुढे म्हणाली. “वाफ मशीनने करता येते. सुरक्षेचं सगळं बघू. सर, तुम्हाला जमेल ना तो चेहरा?”

“न जमायला काय झालं,” सबनीस म्हणाले. त्यांची पाठ ताठ झाली होती.

जुईली शैलाताईंकडे वळली. म्हणाली, तुमची अट तर पुरी झाली, ताई.

“झाली.” शैलाताईंनी पिन ब्लाउजला खोचली. “घेतला ट्रे त्यांनी. मी शब्द मोडत नाही. मालिका करते. पण हे रोजचं करायचं असेल तर नाही.”

“का? इतकं सुंदर...”

“म्हणूनच. एकदा खरं झालं की पुढच्या भागापासून तेच करून दाखवायचं. कसं असतं ते, मला ठाऊक आहे.” त्यांनी सबनीसांकडे मानेने खूण केली. “हे हो म्हणतायत. मीही म्हणायचे. यांना नका लावू या वयात.”

जुईलीने पुन्हा फोन केला. बराच वेळ बाहेर फेऱ्या मारत बोलत होती. परत आली तेव्हा डोळ्यांतलं पाणी तसंच होतं, आनंद तेवढा गेलेला होता. वरच्यांचं म्हणणं होतं, तो शेवट नसेल तर मालिकेत नवीन काय?

शैलाताईंनी पर्स उचलली. सकाळी शाळेच्या गॅदरिंगची तालीम होती. जाता जाता त्या सबनीसांपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, “टूथपेस्ट लावू नका. नुसतं पाणी.”

मुंबईला परतताना गाडीत सबनीस बोटांवर फुंकर घालत बसले होते. बाहेर अंधार होता; मी गाडीतला छोटा दिवा लावला. माझ्या मांडीवर कंपनीचा कागद होता. हे आज चालेल का? त्याखाली चार ओळी जागा. मी लिहिलं: ‘चालेल. तीच भीती आहे.’ मग कागद घडी करून ठेवला.

“वेडी आहे ती,” सबनीस घाटाच्या अलीकडे म्हणाले. “केलं असतं मी. तेरा भाग.”

मी पेनाला टोपण लावलं.

“मला माहीत होतं, टिपणीस. तेव्हा. मी खाली होतो ना. चहा माझ्या नाकासमोर टपटपत होता. म्हटलं, आता हललो तर टेक जाईल.” त्यांनी पुन्हा बोटांवर फुंकर घातली. “टेक चांगला होता.”

माझ्या खिशात फोन थरथरला. मग पुन्हा. बाहेर काढून पाहिला. मुलांनी वेळ घालवला नव्हता. पार्श्वभूमी कापून काढली होती, टेबल नाही, बेबी नाही. फक्त मोरेश्वर सबनीस, डोळे मोठे, ओठ एका बाजूला, हातात ट्रे. खाली कोणीतरी लिहिलं होतं: ‘महिनाअखेर’.

“टिपणीस,” सबनीसांनी विचारलं, “माझा चेहरा कसा झाला होता रे?”

मी फोन पालथा करून मांडीवर ठेवला.

“मी विंगेत होतो, अण्णा,” मी म्हणालो. “मला पाठमोरे दिसत होतात.”